दंड ठोकणाऱ्याच्या घरचा न्यायाधीश

गेल्या महिन्याच्या सदरात अमेरिकेतील सागरी मत्स्यसाठ्यांच्या संरक्षणाचा विषय ओझरता आला होता. कायदा मोडणाऱ्या बोटमालकाला झालेला दंड कायम करायचा की नाही हे तेथे ‘प्रशासकीय न्यायाधीश’ ठरवतो, एवढे एकच वाक्य मी लिहिले होते. लेखातल्या बाकी मजकुराकडे दुर्लक्ष करून वाचकांनी नेमके तेच वाक्य पकडले, आणि पकडले ते बरेच झाले, कारण घाईघाईत लिहिलेल्या त्या वाक्यात बरेच काही गुंडाळून ठेवलेले होते. आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न: मी बॉस्टनजवळ राहतो. न्यू बेडफर्डच्या धक्क्यावर एका बोटमालकाशी माझी ओळख झाली. बंदी असलेल्या क्षेत्रात मासेमारी केल्याची नोटीस त्याला आली आहे. ‘मी जज्जापुढे जाणार’ असे तो म्हणतो आणि लगेच ‘पण तो कोर्टातला जज्ज नव्हे’ असेही सांगतो. हा काय प्रकार आहे? (एक वाचक, मॅसॅच्युसेट्स)

उत्तर: त्याची दोन्ही विधाने खरी आहेत. अमेरिकेच्या किनाऱ्यापासून साधारणपणे ३ सागरी मैलांच्या पुढे आणि २०० मैलांच्या आत जी मासेमारी चालते, तिचे नियमन मुख्यतः १९७६ च्या मॅग्नुसन-स्टीव्हन्स कायद्याने होते. या कायद्याची अंमलबजावणी वाणिज्य खात्याच्या अखत्यारीतील राष्ट्रीय सागरी व वातावरणीय प्रशासन करते. त्या लांबलचक नावाऐवजी सगळे ‘नोआ’ म्हणतात, म्हणून मीही तसेच म्हणतो. नोआचे तपास अधिकारी आणि तटरक्षक दलाचे लोक पुरावा गोळा करतात, नोआचेच वकील तो तपासतात आणि प्रकरण दमदार वाटले तर दंडाच्या आकड्यासह नोटीस काढतात. हे फौजदारी प्रकरण नसते, त्यात तुरुंगवास नसतो. मात्र दंड भक्कम असतो: कायद्याच्या मजकुरात एका उल्लंघनासाठी कमाल १ लाख डॉलर असा आकडा असून महागाईनुसार वाढत तो आता २ लाखांच्या वर गेला आहे. उल्लंघन चालू राहिले तर प्रत्येक दिवस हे स्वतंत्र उल्लंघन धरले जाते. त्याशिवाय परवाना निलंबित होऊ शकतो, आणि ज्याचे पोट मोसमी मासळीवर आहे त्याला दंडापेक्षा हे निलंबन जास्त जिव्हारी लागते.

नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत मालकाला आपला मार्ग ठरवावा लागतो. त्याने दंड भरावा, खात्याच्या वकिलांशी तडजोडीची बोलणी करावीत किंवा लेखी सुनावणी मागावी. काहीच केले नाही तर नोटिशीतला दंड अंतिम होतो. सुनावणी मागितली की प्रकरण ज्याच्यापुढे जाते तोच हा प्रशासकीय न्यायाधीश. तो अमेरिकेच्या राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमाखाली तहहयात नेमलेल्या न्यायाधीशांपैकी नसतो. तो सरकारच्या कार्यकारी शाखेतला अधिकारी असतो, आणि १९४६ च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्याने त्याला सुनावणी घेण्याचे अधिकार दिलेले आहेत. पूर्वी या अधिकाऱ्यांना ‘सुनावणी परीक्षक’ म्हणत; ‘न्यायाधीश’ ही उपाधी त्यांना १९७० च्या दशकात मिळाली. मराठीत या पदाला रुळलेला शब्द नाही, त्यामुळे मी सरळ ‘प्रशासकीय न्यायाधीश’ लिहितो आणि त्यातल्या ‘न्यायाधीश’ या शब्दावर फार भार टाकू नये अशी वाचकांना विनंती करतो.

सुनावणी मात्र बरीचशी खटल्यासारखीच चालते. साक्षीदार शपथेवर बोलतात, उलटतपासणी होते, न्यायाधीश समन्स काढू शकतो. ज्युरी नसते. पुराव्याचे नियम न्यायालयाइतके कडक नसल्याने ऐकीव माहितीसुद्धा नोंदीवर येऊ शकते, तिला वजन किती द्यायचे हे न्यायाधीश ठरवतो. उल्लंघन झाले हे सिद्ध करण्याचा भार खात्यावर असतो, पण फौजदारी खटल्याप्रमाणे ‘शंकेला जागा न ठेवता’ नव्हे, तर झाले असण्याची शक्यता न झाल्यापेक्षा अधिक आहे, एवढेच दाखवले की पुरते. आणखी एक गोष्ट त्या बोटमालकाला ठाऊक असेलच: ‘मला माहीत नव्हते’ हा या कायद्यात बचाव होत नाही. कृत्य घडले की जबाबदारी आली. हेतू काय होता, हा प्रश्न उठतो तो दंडाचा आकडा ठरवताना.

आता आपल्या मित्राचे प्रकरण. त्याची बोट स्कॅलपची असावी असे धरून चालतो; स्कॅलप हा पंख्याच्या आकाराचा शिंपला. न्यू बेडफर्ड हे मासळीच्या किमतीच्या हिशेबाने गेली अनेक वर्षे अमेरिकेतले पहिल्या क्रमांकाचे बंदर आहे, ते मुख्यतः या शिंपल्याच्या जिवावर. स्कॅलप पकडणाऱ्या बोटींवर उपग्रहाशी जोडलेले एक यंत्र सक्तीने बसवलेले असते आणि ते दर अर्ध्या तासाने बोटीचे ठिकाण किनाऱ्यावर कळवते. बंदी क्षेत्रातून नुसते पार जायला बहुधा मनाई नसते, मात्र जाळे किंवा तळ खरवडणारी लोखंडी चौकट आवरून बांधलेली हवी. म्हणजे ‘बोट आत होती का’ हा प्रश्न यंत्रच सोडवते, वाद उरतो तो ‘आत असताना काय करत होती’ याचा. समजा, अर्ध्या तासाच्या अंतराने नोंदवलेल्या दोन ठिकाणांमध्ये २.३ सागरी मैल अंतर आहे. म्हणजे वेग ताशी ४.६ मैल झाला. चौकट तळाशी ओढत नेताना बोटीचा वेग साधारण एवढाच असतो, नुसती मार्गस्थ असेल तर तो जवळपास दुप्पट असायला हवा. खात्याचा वकील हा हिशेब मांडेल. मालकाचा वकील विचारेल की इंजिनात बिघाड होता का, समोरून वारा व भरती होती का, आणि दोन ठिपक्यांच्या मध्ये बोट सरळच गेली हे कशावरून? ती वळणे घेत गेली असेल तर खरा वेग याहून अधिक निघेल. अशा वेळी इंजिनची नोंदवही, तांडेलाने त्या रात्री मालकाला केलेला फोन, उतरवलेल्या मालाची पावती, अशा साध्या कागदांवर प्रकरण फिरते. आपल्या मित्राने त्या रात्रीचा एकही कागद फेकू नये, एवढे त्याला नक्की सांगा.

उल्लंघन सिद्ध झालेच, तर न्यायाधीशाला त्याचे स्वरूप आणि गांभीर्य, मालकाचा दोष कितपत, पूर्वीचे उल्लंघन आहे का, हे पाहून दंड ठरवावा लागतो. दंड भरण्याची ऐपत नाही असे म्हणायचे असेल, तर आपल्या जमाखर्चाची माहिती सुनावणीच्या किमान ३० दिवस आधी खात्याला द्यावी लागते. ऐन सुनावणीत खिसे उलटे करून दाखवण्याचा उपयोग नसतो. एक मर्यादाही ध्यानात असावी: नियम लागू होतो की नाही हे हा न्यायाधीश ठरवू शकतो, पण तो नियम मुळात वैध आहे का, हे ठरवण्याचा अधिकार त्याला नाही. ‘बंदी क्षेत्राची रेषाच चुकीच्या शास्त्रावर आखली आहे’ हा धक्क्यावरचा लाडका मुद्दा त्या दालनात निरुपयोगी आहे.

प्रश्न: स्वतःच्या प्रकरणात कोणीही न्यायाधीश असू नये, हे नैसर्गिक न्यायाचे पहिले तत्त्व आम्ही शिकतो. येथे नियम करणारे, तपास करणारे, दंड लावणारे आणि निवाडा करणारे सगळे एकाच सरकारी छपराखाली आहेत. अमेरिकेसारख्या देशात हे चालते कसे? (विधी शाखेचा एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर: चालते ते त्या छपराखाली घातलेल्या भिंतींमुळे, त्या भिंती किती जाड आहेत, यावर गेली ऐंशी वर्षे वाद चालू आहे.

१९४६ च्या कायद्यातच पहिली भिंत आहे. ज्याने प्रकरणाचा तपास केला किंवा खात्याची बाजू मांडली, त्याला त्या प्रकरणाच्या निर्णयात भाग घेता येत नाही, आणि न्यायाधीशाला वादातल्या मुद्द्यावर एका बाजूशी दुसरीच्या अपरोक्ष बोलता येत नाही. दुसरी भिंत नोकरीची आहे. खाते या न्यायाधीशाच्या कामाचा गोपनीय अहवाल लिहीत नाही, त्यावरून त्याची वेतनवाढ ठरत नाही, आणि योग्य कारण एका स्वतंत्र मंडळापुढे सिद्ध झाल्याशिवाय त्याला काढता येत नाही. आपल्याकडे गोपनीय अहवालाची धास्ती काय असते हे ज्याने सरकारी कचेरीत चार दिवस काढले आहेत त्याला सांगायला नको. १९७८ मध्ये ‘बट्झ विरुद्ध इकॉनमू’ या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने या पदाचे काम न्यायाधीशाच्या कामाशी तुल्य असल्याचे म्हटले आणि त्याला न्यायाधीशासारखे संरक्षणही दिले.

नोआच्या बाबतीत तिसरी भिंतही आहे, आणि मला ती सर्वांत रंजक वाटते. सागरी संवर्धनाच्या प्रकरणांसाठी हे न्यायाधीश दुसऱ्या खात्याकडून घेतले जातात. एका खात्याचे न्यायाधीश दुसऱ्या खात्याला उसने देण्याची सोय कायद्यातच आहे. दीर्घकाळ ही प्रकरणे तटरक्षक दलाचे प्रशासकीय न्यायाधीश ऐकत असत. आता आपली अडचण लक्षात येईल: समुद्रावर बोट थांबवून तिची झडती घेणारे पुष्कळदा तटरक्षक दलाचेच लोक असतात. साक्षीदार ज्या दलाचा, निवाडा करणाराही त्याच दलाच्या आस्थापनेवरचा. एकेक न्यायाधीश कितीही सचोटीचा असला तरी समोर बसलेल्या मच्छीमाराला हे कसे दिसत असेल?

ते कसे दिसत होते हे २०१० मध्ये उघडपणे बाहेर आले. मॅसॅच्युसेट्समधील ग्लॉस्टर आणि न्यू बेडफर्ड या बंदरांतून वर्षानुवर्षे तक्रारी येत होत्या की ईशान्य किनाऱ्यावर नोआचे वकील अवाच्या सवा दंड लावतात आणि मच्छीमार खचून तडजोड करतात. वाणिज्य खात्याच्या महानिरीक्षकाने चौकशी केली आणि त्याचे अहवाल त्या वर्षात एकामागून एक आले. ईशान्य विभागातील दंड इतर विभागांच्या मानाने बरेच अधिक असल्याचे आणि दंडाचा आकडा ठरवण्यात मनमानीला वाव असल्याचे त्यांत दिसले. दंडातून आणि जप्तीतून आलेला पैसा ज्या निधीत जमा होई, त्याच्या वापराची तपासणी तर सर्वांत गाजली: त्यातून खरेदी केलेल्या गाड्यांची संख्या अंमलबजावणी कर्मचाऱ्यांच्या संख्येपेक्षा अधिक भरली, शिवाय एका महागड्या बोटीची खरेदी निघाली. जो दंड लावतो त्याच्याच गाडीत दंडाचे पेट्रोल भरले जात असेल, तर दंड वाजवी आहे हे कोणाला पटवून देणार?

त्यानंतर वाणिज्यमंत्री गॅरी लॉक यांनी चार्ल्स स्वॉर्टवुड या निवृत्त संघीय न्यायाधीशाची विशेष चौकशीसाठी नेमणूक केली. त्यांनी जुनी प्रकरणे उघडून एकेक तपासले, आणि मे २०११ मध्ये लॉक यांनी ११ मच्छीमार व व्यावसायिकांना मिळून सुमारे साडेसहा लाख डॉलर परत करण्याचा आदेश दिला. सरकारने वसूल केलेला दंड मंत्र्याच्या आदेशाने परत दिल्याची उदाहरणे कोणत्याही देशात फारशी नाहीत.

पण पैसे परत दिल्याची बातमी जितकी गाजली, तितकी गाजली नाही अशी एक दुरुस्ती जून २०१० मध्येच झाली होती, आणि विद्यार्थ्याने पाहावी ती हीच. तोपर्यंतच्या नियमाप्रमाणे नोआने नोटिशीत घातलेला आकडा योग्य धरूनच न्यायाधीशाने पुढे जायचे असे. आकडा बदलायचा तर त्यासाठी सबळ कारणे नोंदवण्याची जबाबदारी न्यायाधीशावर होती. म्हणजे सुनावणी स्वतंत्र, पण तराजूच्या एका पारड्यात वजन आधीच ठेवलेले. नवीन नियमाने ते वजन काढले. आता नोटिशीतला आकडा न्यायाधीशावर बंधनकारक नाही. आकडा योग्य का, हे खात्यानेच पटवून द्यायचे. पाठोपाठ मार्च २०११ मध्ये नोआने दंड ठरवण्याचे लेखी धोरण प्रसिद्ध केले. त्यात उल्लंघनाच्या गांभीर्याच्या पायऱ्या एका बाजूला आणि दोषाच्या चार पायऱ्या दुसऱ्या बाजूला, अजाणता झालेल्या चुकीपासून जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनापर्यंत, असा तक्ता आहे. आपले प्रकरण कोणत्या चौकटीत बसते हे आता मच्छीमाराला स्वतः पाहता येते. त्यानंतरच्या काळात सुनावणीसाठी तटरक्षक दलाऐवजी पर्यावरण संरक्षण संस्थेचे प्रशासकीय न्यायाधीश घेतले जाऊ लागले. बोटीची झडती घेणाऱ्यांशी त्यांचा संबंध नसतो.

एवढे करूनही आपला आक्षेप पुरता मिटत नाही, कारण या न्यायाधीशाचा निवाडा ‘प्राथमिक’ असतो. त्याविरुद्ध ३० दिवसांत पुनर्विलोकनाची मागणी करता येते, आणि ती ऐकायची की नाही हे ठरवतो नोआचा प्रमुख प्रशासक. म्हणजे स्वतंत्र माणसाने दिलेल्या निवाड्यावरची पहिली पायरी पुन्हा खात्याच्या दारात येते. खऱ्या न्यायालयाची पायरी त्यानंतर लागते. संघीय जिल्हा न्यायालयात अपील करता येते, पण ते न्यायालय पुरावा नव्याने ऐकत नाही. निवाड्याला पुरेसा आधार नोंदीवर आहे की नाही, एवढेच ते पाहते. त्यामुळे प्रशासकीय न्यायाधीशापुढे जे नोंदीवर आले नाही ते पुढे कधीच येत नाही. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेत त्या एका सुनावणीला महत्त्व आहे ते या कारणाने. न्यायाधीशाच्या पदनामाला मी फार महत्त्व देत नाही.

प्रश्न: नोआचे प्रशासकीय न्यायाधीश म्हणजे आपल्याकडचे राष्ट्रीय हरित लवादच ना? (एक वाचक, सातारा)

उत्तर: नाही. हरित लवाद २०१० च्या स्वतंत्र कायद्याने निर्माण झालेला आहे. त्यात न्यायिक सदस्यांबरोबर तज्ज्ञ सदस्य बसतात, आणि कोणत्याही नागरिकाला त्याच्याकडे दाद मागता येते. अमेरिकेतील प्रशासकीय न्यायाधीश एकटा बसतो, त्याच्यापुढे फक्त खाते आणि ज्याला नोटीस आली तो, असे दोनच पक्ष असतात. त्याच्यासारखा माणूस आपल्याकडे शोधायचा तर तो लवादात सापडणार नाही, तो सापडेल अधिक साध्या कचेरीत. शेवटच्या पत्राच्या उत्तरात त्याविषयी लिहिले आहे.

प्रश्न: अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अलीकडे अशा न्यायाधीशांचे अधिकार काढून घेतले, असे वाचले. मग समुद्रातील कायदा मोडणाऱ्यांना आता दंडच होणार नाही का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: बातमीत तीन-चार निकालांची सरमिसळ झालेली दिसते, ती आधी सोडवू.

२०१८ च्या ‘ल्युसिया’ निकालाने एवढेच ठरवले की रोखे आयोगाचे (शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचे) प्रशासकीय न्यायाधीश हे राज्यघटनेच्या दृष्टीने सरकारचे ‘अधिकारी’ आहेत, आणि म्हणून त्यांची नेमणूक कोणा कारकुनी यंत्रणेने नव्हे, तर खातेप्रमुखासारख्या घटनेने सांगितलेल्या व्यक्तीने केली पाहिजे. पुढच्याच महिन्यात अध्यक्षांच्या आदेशाने या पदांची भरती स्पर्धात्मक परीक्षेच्या चौकटीतून बाहेर काढण्यात आली. ज्यांना ही न्यायाधीश मंडळी खात्याच्या फार जवळची वाटत, त्यांच्या खटल्यातून निघालेला परिणाम असा की नेमणुकीत खातेप्रमुखाचा हात अधिकच बळकट झाला.

२७ जून २०२४ चा ‘जार्केसी’ निकाल याहून खोल जातो. फसवणुकीबद्दल रोखे आयोगाला दंड वसूल करायचा असेल, तर प्रतिवादीला ज्युरीपुढे खटला चालवण्याचा हक्क आहे, आयोगाने आपल्याच प्रशासकीय न्यायाधीशापुढे तो उरकू नये, असे सहा विरुद्ध तीन मतांनी ठरले. त्याचे कारण असे की फसवणूक हा इंग्रजी न्यायालयांत शतकानुशतके चालत आलेला दावा आहे. मासेमारीच्या दंडालाही हा नियम लागू होतो असे मच्छीमारांचे वकील आता म्हणतात. मला तो युक्तिवाद अर्धाच पटतो. बंदी क्षेत्रात जाळे टाकू नये, अमुक लांबीपेक्षा लहान मासळी उतरवू नये, ही बंधने जुन्या दाव्यांतून आलेली नाहीत, ती कायदेमंडळाने नव्याने निर्माण केली. आणि अशा नव्याने निर्माण केलेल्या बंधनांचे दंड प्रशासकीय मार्गाने लावता येतात असा १९७७ चा ‘ॲटलास रूफिंग’ निकाल जार्केसीने मोडीत काढलेला नाही. पण दंडाचा हेतू शिक्षा करणे हाच आहे, या मुद्द्यावर जार्केसीत जो भर दिला आहे तो मच्छीमारांच्या बाजूने जातो, हेही मान्य केले पाहिजे.

दुसऱ्याच दिवशी, २८ जून २०२४ रोजी, आलेला ‘लोपर ब्राइट’ निकाल प्रशासकीय न्यायाधीशांविषयी नाहीच, तरी बातमीत तो यांत मिसळला गेला, कारण त्याच्या मुळाशी मासेमारीच आहे. न्यू जर्सीतील हेरिंग ही मासळी पकडणाऱ्या बोटींवर सरकारी निरीक्षक ठेवून त्याचा खर्च, दिवसाला सुमारे ७१० डॉलरपर्यंत, बोटमालकानेच द्यावा असा नियम नोआने केला होता. तो कायद्यात बसतो का, हे ठरवताना खात्याने लावलेला अर्थ न्यायालयांनी प्रमाण मानण्याची १९८४ पासूनची रीत सर्वोच्च न्यायालयाने संपवली. आपल्या विषयापुरता त्याचा अर्थ असा की प्रशासकीय न्यायाधीशाचा निवाडा जिल्हा न्यायालयात गेला, तर कायद्याच्या शब्दाचा नोआने लावलेला अर्थ तेथे आपोआप मानला जाणार नाही.

आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने जाहीर केले की प्रशासकीय न्यायाधीशांना काढण्यावर असलेले अनेकपदरी निर्बंध ते घटनाबाह्य मानते आणि न्यायालयात त्यांचे समर्थन करणार नाही. मागच्या उत्तरात मी जिला दुसरी भिंत म्हटले, तिच्याच पायाखालची माती उकरली जात आहे, असे यावरून म्हणता येईल. दंड मात्र थांबलेले नाहीत. प्रशासकीय मार्ग बंद झालाच तर नोआला प्रत्येक प्रकरण जिल्हा न्यायालयात न्यावे लागेल. तेथे ज्युरी मिळेल खरी, पण एका छोट्या बोटीच्या मालकाला तिचा खर्च दंडापेक्षा जड जाईल, ही शक्यता कोणी फारशी बोलून दाखवत नाही.

प्रश्न: आमच्याकडे पूर्वी बेकायदा मासेमारीची प्रकरणे तहसीलदारांकडे चालत, आता मत्स्यव्यवसाय खात्याकडेच चालतात. अमेरिकेतल्यासारखे न्यायाधीश आपल्याकडे का नाहीत? (एक मच्छीमार वाचक, मालवण)

उत्तर: पत्राबद्दल आभार. वर उल्लेख केलेली साधी कचेरी ती हीच. १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियमाखाली परवाना अधिकाऱ्याने बोट पकडायची, जप्त मासळीचा लिलाव करायचा आणि दंडाचा निवाडा महसूल खात्याच्या तहसीलदाराने द्यायचा, अशी रचना होती. तहसीलदाराला मासेमारी कळत नाही, त्याच्या मेजावर सातबाराचे आणि निवडणुकीचे ढीग असतात, तारखा पडत राहतात, ही तक्रार सर्वच किनारी तालुक्यांत होती, आणि ती खोटी नव्हती. माझ्या वकिलीच्या काळात अशाच एका कचेरीत आम्ही दुपारी तीनपर्यंत थांबलो आणि साहेब दौऱ्यावर गेल्याचे शिपायाने सांगितले. असे एकदा नव्हे, तीन तारखांना घडले. २०२१ च्या दुरुस्तीने हे अधिकार मत्स्यव्यवसाय खात्याच्या सहायक आयुक्तांकडे आले, आणि दंडही मासळीच्या किमतीच्या पटीत मोजण्याऐवजी ठोस रकमांत बसवले गेले. एलईडी दिवे लावून मासेमारी केली तर ५ लाखांपासून २० लाखांपर्यंत.

पारंपरिक मच्छीमारांना ही दुरुस्ती हवी होती, कारण परप्रांतीय आणि पर्ससीनवाल्या (मासळीचा थवा घेरणारे मोठे जाळे लावणाऱ्या) बोटी किरकोळ दंड भरून दुसऱ्या दिवशी पुन्हा समुद्रात दिसत. प्रकरणे लवकर निकालात निघावीत हा हेतू रास्तच आहे. पण गंमत पाहा: अमेरिकेत निवाडा करणारा माणूस झडती घेणाऱ्यापासून एकेक पाऊल दूर सरकत गेला, आणि आपण तो बाहेरच्या खात्यातून उचलून त्याच खात्यात आणून बसवला. तहसीलदाराला मासेमारी कळत नसे हे खरे, पण बोट पकडणारा त्याचा सहकारी नसे. सहायक आयुक्ताला मासेमारी कळते, आणि बोट पकडणारा परवाना अधिकारी त्याच्या खात्यातला असतो. यात कोणा अधिकाऱ्याच्या सचोटीवर शंका घेण्याचे कारण नाही. ग्लॉस्टरच्या मच्छीमारांचा प्रश्न तरी न्यायाधीशाच्या सचोटीचा कुठे होता?

आपल्यासारख्याला यातून आज करता येईल ते असे. आपली बोट अडवली गेली, तर पंचनामा जागेवरच झाला का, त्यात ठिकाणाचे अक्षांश-रेखांश कोणत्या यंत्रावरून घेतले हे लिहिले आहे का, आणि जाळ्याच्या आसाचे (छिद्राचे) माप घेताना आपला माणूस हजर होता का, या तीन गोष्टींची नोंद मागा. त्या पंचनाम्यात नसतील तर सुनावणीच्या पहिल्याच तारखेला तसा लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. तोंडी सांगितलेले अपिलात कोणी वाचत नाही. आणि निवाड्याच्या आदेशात दंडाचा आकडा त्या किमान आणि कमाल रकमांच्या मध्ये नेमका तोच का, याची कारणे लिहिलेली नसतील, तर आपल्या वकिलाला अपिलाची सुरुवात तेथूनच करायला सांगा.